इटालियन साहित्यात पदवी: कोर्स निवडण्यापासून पहिल्या तोंडी परीक्षेपर्यंत

दरवर्षी मे-जूनमध्ये मला साधारण एकच मेसेज येतो. "ताई, इटलीत ॲडमिशनचं जवळपास झालंय, आता भाषा शिकायला सुरुवात करू का?" अगं बाई, भाषा आधी, ॲडमिशन नंतर! इंजिनिअरिंग किंवा फॅशनला जाणाऱ्यांचं इंग्रजीवर निभावतं. तुम्ही मात्र इटालियन साहित्य शिकायला निघालाय, तिथे वर्गात शेजारी बसलेली पोरं लहानपणापासून ती भाषा बोलतायत. मी स्वतः तीन वर्षं तिथे काढली आणि खालच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त चुका स्वतः केल्यात, त्यामुळे क्रम नीट लावून देते. क्रम बदलू नका, सगळा घोळ तिथेच होतो.

१. कोर्स नावावरून निवडू नका, विषयांच्या यादीवरून निवडा

इटलीत प्रत्येक पदवीला सरकारी वर्गाचा नंबर असतो आणि कोर्सच्या गोड नावापेक्षा तो नंबर जास्त खरं बोलतो. एल-१० म्हणजे 'लेत्तेरे', साहित्याची तीन वर्षांची पदवी. एल-११ म्हणजे आधुनिक भाषा आणि संस्कृती. इथे बरेच जण फसतात, "भाषा आणि संस्कृती" वाचून फॉर्म भरतात आणि तिथे गेल्यावर कळतं की दोन परकीय भाषा घ्यायच्या आहेत, आणि तिथल्या पोरांना परकीय म्हणजे इंग्रजी, स्पॅनिश वगैरे. मास्टर्सला एलएम-१४ म्हणजे आधुनिक फिलॉलॉजी, साहित्य आणि त्याच्या मूळ संहितांचा अभ्यास.

परकीयांसाठीची खास विद्यापीठं पेरूजा आणि सिएना इथे आहेत. बाहेरून येणाऱ्यांची सवय असल्यामुळे तिथे सुरुवात जरा सोपी जाते. बोलोन्या, पादोव्हा, रोम इथल्या 'लेत्तेरे'ला जायचं असेल तर एक गोष्ट आधी बघा: लॅटिन. तिथली बरीच मुलं शाळेतून पाच वर्षं लॅटिन घासून आलेली असतात. आपल्याला संस्कृत येत असेल तर विभक्त्यांची भीती वाटणार नाही, पण नुसती भीती न वाटून पेपर सुटत नाही.

तपासा: कोर्सच्या पानावर 'पियानो दि स्तुदी' शोधा, म्हणजे वर्षवार विषयांची यादी. त्यात 'लिंग्वा लातीना' आणि 'फिलोलोजीया' किती क्रेडिटचे आहेत ते लिहून ठेवा.

सावधान: मास्टर्सला 'रेक्विझिती कुर्रिकोलारी' असतात. आधीच्या पदवीत अमुक विषयांचे अमुक क्रेडिट झालेले असायला लागतात. बी.कॉम. करून, सोबत इटालियनचा सर्टिफिकेट कोर्स करून एलएम-१४ ला थेट अर्ज केला तर नकार येणारच, त्यात त्यांचा काही दोष नाही.

२. भाषा: बी२ पर्यंत, आणि प्लीज इंग्रजीतून शिकू नका

इटालियन माध्यमाच्या कोर्सला साधारण बी२ लेव्हल मागतात, म्हणजे युरोपातल्या ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली चौथी. शून्यापासून बी२ ला नोकरी-कॉलेज सांभाळून दीड वर्ष धरा. सहा महिन्यांत होतं म्हणणारे क्लासवाले भेटतील, त्यांना बी२ चा निबंध लिहून दाखवा म्हणावं. सर्टिफिकेट सिएनाचं 'चिल्स', पेरूजाचं 'चेली' किंवा दान्ते आलिगिएरी सोसायटीचं 'प्लीदा', यातलं कुठलंही चालतं, पण तुमच्या विद्यापीठाला कुठलं चालतं ते त्यांच्याच नोटीशीत बघा. चिल्सचे पाच भाग असतात, प्रत्येकी २० मार्क आणि प्रत्येकात किमान ११ लागतात. म्हणजे बोलण्यात १८ आले म्हणून लिखाणातले ९ झाकले जात नाहीत. निकालाला वेळ लागतो, म्हणून अर्जाच्या मुदतीच्या तोंडावर परीक्षा देऊ नका.

आता माझा आवडता मुद्दा. आपल्याकडे सगळे इटालियन इंग्रजीमार्फत शिकतात आणि उगाच अवघड करून घेतात. मराठीतून बघा:

'मी पियाचे' म्हणजे सरळ 'मला आवडतं'. पुस्तक एक असेल तर 'मी पियाचे', पुस्तकं अनेक असतील तर 'मी पियाच्चोनो', म्हणजे 'मला आवडतं' आणि 'मला आवडतात'. इंग्रजीतून आलेली पोरं या एका क्रियापदावर दोन आठवडे रडतात, आपल्याला पाच मिनिटं लागतात.

भूतकाळ तर अजून मजेशीर. बाई म्हणते 'सोनो आंदाता', पुरुष म्हणतो 'सोनो आंदातो', अगदी 'मी गेले' आणि 'मी गेलो'. आणि खाण्याचं आलं की कर्माप्रमाणे बदल, 'भाकरी? खाल्ली', 'आंबा? खाल्ला', तसंच 'लो मांजाता', 'लो मांजातो'. फक्त एक खड्डा आहे. कर्म क्रियापदानंतर आलं तर इटालियनमध्ये बदल होत नाही, 'ओ मांजातो ऊना मेला' असंच राहतं, सफरचंद स्त्रीलिंगी असलं तरी. मराठी माणूस हमखास इथे 'मांजाता' म्हणून मोकळा होतो. मी पूर्ण पहिलं सेमिस्टर म्हणत होते.

उच्चारात त आणि द दातावरचेच काढा, इंग्रजीतला ट नको. त्यांच्या झेड अक्षराला घाबरू नका, 'चमचा'तला च आणि 'जहाज'मधला ज आपल्या तोंडात आहेतच, साधारण तेच आवाज आहेत. जोडाक्षराचा ठोका मात्र पूर्ण द्या. पका आणि पक्का आपल्याला वेगळे ऐकू येतात तसे त्यांना 'नोनो' म्हणजे नववा आणि 'नोन्नो' म्हणजे आजोबा. 'आन्नो' म्हणजे वर्ष. एक न गाळला तर काय होतं ते डिक्शनरीत एकटे असताना बघा, आणि मग वय सांगताना आयुष्यभर विसरणार नाही.

तपासा: इटालियन रेडिओवरच्या बातम्या एकदाच ऐकून पाच वाक्यांत सारांश लिहिता येतोय? येत नसेल तर तुम्ही अजून बी१ वर आहात, सर्टिफिकेटवर काहीही असो.

३. कागद: आधी नाव, मग शिक्का, मग भाषांतर

हे भाषेसोबतच सुरू करा, नंतर नाही.

पहिलं काम नाव. आपल्या बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव पुढे, मग स्वतःचं, मग वडिलांचं, आईचं वेगळं. पासपोर्टवर काहींचं वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं, काहींचं नसतं. आपल्याला यात काही वाटत नाही, पण इटलीत 'कोदीचे फिस्काले' नावाचा सोळा अक्षरांचा टॅक्स कोड नावावरूनच तयार होतो आणि त्याशिवाय घरभाडं, बँक, सिमकार्ड, काहीच नीट होत नाही. समजा तुमचं नाव स्नेहा प्रकाश पाटील. आडनावाची व्यंजनं पी-टी-एल, ठीक. नाव नुसतं स्नेहा धरलं तर कोडमध्ये एस-एन-एच येतं. पण पासपोर्टप्रमाणे 'स्नेहा प्रकाश' धरलं तर व्यंजनं चारपेक्षा जास्त होतात, मग नियमाने पहिलं, तिसरं आणि चौथं घेतात, म्हणजे एस-एच-पी. झाली दोन माणसं! विद्यापीठाकडे एक स्नेहा, टॅक्स ऑफिसकडे दुसरी. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक फॉर्मवर, अगदी भाषेच्या परीक्षेच्या फॉर्मवरसुद्धा, पासपोर्टवर आहे तसंच्या तसं नाव लिहा. (कोडमध्ये जन्मतारखेत ४० मिळवलेले दिसले तर घाबरू नका, बायकांच्या तारखेत मिळवतातच.)

दुसरं, बारावीचं किंवा पदवीचं सर्टिफिकेट. आधी राज्य सरकारचं अटेस्टेशन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून लागणारा शिक्का, आणि मग इटालियन भाषांतर. भाषांतर आधी करून घेतलं तर अपॉस्टिलचा शिक्का भाषांतरात येत नाही आणि काही ठिकाणी तेवढ्यावरून परत पाठवतात. माझ्या एजंटने नेमकं हेच केलं आणि भाषांतराचे पैसे दोनदा घेतले.

सावधान: वडिलांनी प्रेमाने लॅमिनेट करून ठेवलेलं सर्टिफिकेट इथे अडतं. लॅमिनेशनवर शिक्काही बसत नाही आणि स्टिकरही. घरी ओढून काढायच्या फंदात पडू नका, अक्षरं सोबत येतात. बोर्डाकडे डुप्लिकेटचा अर्ज करा आणि त्याला वेळ लागतो हे धरून चाला.

तिसरं, पात्रतेचा कागद, म्हणजे आपलं शिक्षण तिथे कशाच्या बरोबरीचं धरायचं ते सांगणारा. 'दिक्यारात्सिओने दि व्हालोरे' हा इटालियन दूतावासाकडून मिळतो, महाराष्ट्र-गोव्यासाठी मुंबईच्या कॉन्सुलेटकडून. किंवा त्याऐवजी 'चिमेआ' या संस्थेचं तुलनापत्र ऑनलाइन काढता येतं. कुठलं हवं ते विद्यापीठ ठरवतं, तुम्ही नाही आणि एजंट तर मुळीच नाही. विद्यापीठाला ईमेलवर विचारा आणि ते उत्तर प्रिंट काढून फाईलला लावा.

४. प्री-एनरोलमेंट आणि विसा

इथे फार सांगण्यासारखं नाही. 'युनिव्हर्सिटाली' या सरकारी पोर्टलवर प्री-एनरोलमेंट करायची, विद्यापीठ ती मान्य करतं, मग लांब मुदतीचा डी टाइप विसा. विद्यापीठाचं ॲडमिशन लेटर आलं म्हणजे प्री-एनरोलमेंट झाली असं नाही, हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि दरवर्षी कोणीतरी यात अडकतंच. राहण्याची सोय, इन्शुरन्स आणि पैशाचा पुरावा मागतात. बँकेत आदल्या आठवड्यात काकांकडून आलेली मोठी रक्कम दिसली की प्रश्न येतात, त्यामुळे पैसे आधीपासून खात्यात ठेवा.

५. स्कॉलरशिप: चौरस फूट आणि चौरस मीटर

इटलीतली 'बोर्सा दि स्तुदियो' प्रादेशिक सरकार देतं, मुख्यतः घरच्या उत्पन्नावर आणि मालमत्तेवर. मार्क बारावीत किती होते याचा पहिल्या वर्षी सहसा फार संबंध नसतो. त्यासाठी 'इझे पारिफिकातो' नावाचा हिशोब करून घ्यायला लागतो, आणि त्याचे कागद इथूनच, अपॉस्टिल आणि भाषांतर करून न्यायचे. तिथे गेल्यावर आईला फोन करून "तहसीलदाराकडे जा ना" असं करायची वेळ आणू नका. मी आणली होती. दाखला निघाला, पण मुदत टळून गेल्यावर, आणि पहिलं वर्ष घरच्यांच्या खिशातून गेलं.

लागणारी माहिती साधारण अशी: घरात कोण कोण आहे त्याचा दाखला, प्रत्येक कमावत्या माणसाचं उत्पन्न, ३१ डिसेंबरला बँकेत असलेली शिल्लक, आणि घर असेल तर त्याचं क्षेत्रफळ. यात दोन ठिकाणी पाय घसरतो.

एक, वर्ष. त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आपलं एप्रिल ते मार्च. नोटीशीत जे वर्ष मागितलंय ते नीट वाचा, ते बऱ्याचदा मागच्याही मागचं असतं. तहसीलदाराचा दाखला कुठल्या वर्षाचा आहे ते त्यावर स्पष्ट लिहून घ्या.

दोन, घर. परदेशातल्या घराची किंमत ते बाजारभावाने धरत नाहीत, चौरस मीटरला ५०० युरो असा ठरलेला दर लावतात. आपला फ्लॅट ६५० चौरस फूट, म्हणजे साधारण ६० चौरस मीटर, म्हणजे ३०,००० युरोच्या आसपास. आता एका मुलीने घाईघाईत फॉर्ममध्ये ६५० असंच टाकलं. झाले ३,२५,००० युरो! हडपसरच्या वन बीएचकेवाल्या पोरीला कागदावर जमीनदारीण करून टाकलं आणि स्कॉलरशिप गेली. चौरस फुटांना १०.७६ ने भागा. दोनदा भागा.

तपासा: स्कॉलरशिपची मुदत आणि ॲडमिशनची मुदत वेगळी असते. बऱ्याच प्रदेशांत अर्ज तुम्ही इटलीत पोचायच्या आधीच भरायचा असतो.

६. पोचल्यावरचे पहिले आठ दिवस

कामाच्या आठ दिवसांत 'पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो'चा अर्ज करायचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा. पोस्टात जाऊन 'किट' मागा, फॉर्म भरा, १६ युरोचा 'मार्का दा बोल्लो', म्हणजे सरकारी स्टॅम्प, लावा. तो तंबाखूच्या दुकानात मिळतो, पोस्टात शोधत बसू नका. पाकीट बंद करून नेऊ नका, काउंटरवरचा माणूस आतले कागद बघतो. पावती मिळते तिच्यावर पोलिसांच्या क्वेस्तूरातली अपॉइंटमेंट असते. परवाना हातात येईपर्यंत काही महिने जातात आणि तोपर्यंत ती पावती हाच तुमचा परवाना, त्यामुळे तिचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

७. सेमिस्टर: वर्गात बसणं म्हणजे अभ्यास नव्हे

एक क्रेडिट म्हणजे २५ तासांचं काम. नऊ क्रेडिटचा इटालियन साहित्याचा विषय म्हणजे २२५ तास. त्यातले लेक्चरचे साधारण पन्नास-साठ. बाकीचे कुठे गेले? ते तुमचे, घरी, पुस्तकासोबत. आपल्याकडच्यासारखं परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड वाचून होत नाही, कारण गाईडच नसतं.

पहिल्या आठवड्यात प्रोफेसरांचा 'प्रोग्राम्मा' डाउनलोड करा. त्यात दोन याद्या असतात, वर्गात येणाऱ्यांसाठी आणि न येणाऱ्यांसाठी. न येणाऱ्यांना पुस्तकं जास्त. पार्टटाइम नोकरी करणार असाल तर आपण कुठल्या यादीत बसतो ते आधीच ठरवा, मे महिन्यात नको. आणि पुस्तकाची सांगितलेलीच आवृत्ती घ्या, तळटीपांवर प्रश्न येतात.

आता प्रत्यक्ष अभ्यास कसा, ते दान्तेवर दाखवते, कारण त्याच्यापासून सुटका नाही. त्याच्या 'दिव्हिना कोम्मेदिया' या महाकाव्याचे शंभर सर्ग आहेत, पहिल्या भागात ३४, पुढच्या दोन्हींत ३३-३३, आणि तिन्ही भाग 'स्तेल्ले' म्हणजे तारे या एकाच शब्दावर संपतात. तुम्हाला त्यातले ठरावीक सर्ग नेमलेले असतात. प्रत्येक सर्गासाठी हा क्रम धरा:

आधी मोठ्याने वाचा. ओळ अकरा अक्षरांची असते आणि दहाव्यावर आघात. पहिलीच ओळ बोटांवर मोजा: नेल, मेद, झो, देल, काम, मीन, दी, नो, स्त्रा, व्ही, ता. आघात 'व्ही'वर. पुढच्या ओळींत एका शब्दाच्या शेवटचा स्वर आणि पुढच्याच्या सुरुवातीचा स्वर मिळून एकच अक्षर धरतात, तिथे गडबड होते. आपण शाळेत लघु-गुरू पाडलेत, त्यापेक्षा हे सोपंच आहे.

मग 'पाराफ्राझी'. म्हणजे अन्वय लावून आजच्या इटालियनमध्ये सरळ गद्य. ओळीत क्रियापद कुठे लपलंय, कर्ता कोण, ते शोधायचं. ज्ञानेश्वरीची ओवी आजच्या मराठीत सांगतो तसंच. हे वहीत लिहून काढा, डोक्यात झालं म्हणजे तोंडातून निघेल असं अजिबात नाही.

आणि शेवटी 'कोम्मेंतो', म्हणजे आपलं शाळेतलं संदर्भासहित स्पष्टीकरण. कोण कोणाला म्हणतंय, आधी काय झालं, हा शब्द इथेच का. समीक्षकांची मतं याच्यानंतर, याच्याऐवजी नाही.

सावधान: प्रोफेसरांना भेटायला 'रिचेविमेंतो'ची वेळ असते, त्याच वेळेत जा. ईमेल 'जेंतीले प्रोफेस्सोरेस्सा' अशी सुरू करा आणि 'लेई' वापरा, म्हणजे आपलं अहो-जाहो. क्लासमध्ये 'तू'चीच सवय झालेली असते आणि घाईत तेच तोंडातून जातं. "मॅडम, तू मला सांग" असं ऐकू येतं ते त्यांना.

८. तोंडी परीक्षा

साहित्याच्या बहुतेक परीक्षा तोंडी असतात आणि सगळ्यांसमोर, दार उघडं ठेवून होतात. म्हणून पहिलं काम: तुमच्या तारखेच्या आधीच्या 'आप्पेल्लो'ला, म्हणजे परीक्षेच्या फेरीला, नुसतं मागे जाऊन बसा. कोणी हाकलत नाही. प्रोफेसर काय विचारतात, कुठे वैतागतात, सगळं फुकटात कळतं. वही न्या.

मग नाव नोंदवा. परीक्षा आपोआप होत नाही, पोर्टलवर फेरी निवडून नोंदणी करायची आणि ती काही दिवस आधी बंद होते. बऱ्याच ठिकाणी त्याआधी विषयाचा फीडबॅक फॉर्म भरल्याशिवाय नोंदणीचं बटणच उघडत नाही, आणि शेवटच्या रात्री हे लक्षात येतं.

माझी पहिली परीक्षा सांगते. प्रोफेसरांनी पुस्तक उघडून बोट ठेवलं आणि म्हणाले, "लेग्गा", वाचा. मी तीन ओळी वाचल्या आणि लगेच सुरू केलं, दान्ते १२६५ मध्ये फ्लोरेन्समध्ये जन्मला, १३२१ मध्ये राव्हेन्नात गेला... त्यांनी हात वर केला. "ते मला माहितीये. या ओळीत कर्ता कोण?" माझ्याकडे चरित्र होतं, कालखंड होता, तीन समीक्षक होते, कर्ता नव्हता. २१ मिळाले ३० पैकी.

१८ ला पास, वर ३० आणि मग ३० 'ए लोदे', म्हणजे शाबासकीसकट. मार्क आवडले नाहीत तर नाकारता येतात आणि पुढच्या फेरीला परत बसता येतं. आपल्याकडच्यांना हे ऐकून धक्का बसतो आणि मग दोन प्रकार होतात: काही जण घाबरून काहीही घेतात, काही जण २७ सुद्धा नाकारत बसतात आणि वर्ष संपतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी २४ च्या पुढे काहीही आलं तर घ्या, मुख्य साहित्याचा विषय सोडून. तो शेवटपर्यंत सरासरीत दिसतो. मी २१ नाकारले, सप्टेंबरला परत गेले, कर्ता शोधूनच गेले, २८ घेतले.

पण एक हिशोब आधी करा. स्टुडंट परवाना रिन्यू करताना पहिल्या वर्षी किमान एक परीक्षा आणि नंतर दरवर्षी किमान दोन पास झालेल्या दाखवायला लागतात, आणि स्कॉलरशिप टिकवायला त्याहून बरेच जास्त क्रेडिट. नाकारलेले मार्क यात मोजत नाहीत. आणि प्रोफेसर तोंडाने "ब्राव्हा" म्हणाले म्हणजे मार्क नोंदले गेले असंही नाही. ऑनलाइन 'लिब्रेत्तो', म्हणजे तुमची मार्कांची वही, उघडा, विषयासमोर मार्क आणि तारीख दिसते का बघा, आठवडाभरात दिसली नाही तर सेक्रेतारियाला मेल टाका, आणि मगच क्वेस्तूराच्या फाईलसाठी त्याची प्रिंट काढा.